ओरादूर: जळालेलं गाव आणि त्याच्या शेजारचं गाव

रानजाई

फ्रान्समधल्या ओरादूर-स्युर-ग्लान या गावाबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं ते १० जून १९४४ च्या संध्याकाळी संपतं. गाव जाळलं, माणसं मारली, पडकी घरं तशीच ठेवली, बघायला या. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. वाचलेल्यांनी नंतर काय केलं, आणि त्यांचं स्वतःच्याच सरकारशी कसं फाटलं. पण त्या दिवसाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून आधी तेवढं.

लिमोजपासून वीस-बावीस किलोमीटरवरचं हे गाव. कुरणं, तांबूस गाई, ग्लान नावाची लहानशी नदी. युद्ध चालू असूनही त्यातल्या त्यात निवांत. लिमोजहून विजेची ट्राम यायची, त्यामुळे सुट्टीला शहरातली माणसं मासे धरायला, पोटभर जेवायला इथे यायची. निर्वासितही होते: स्पेनच्या यादवीतून आलेले, जर्मन सीमेवरच्या अल्झास आणि लोरेन प्रांतांतून हाकललेले, काही ज्यू.

१० जूनला शनिवार होता. चार दिवसांपूर्वी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या होत्या आणि 'डास राइश' ही एसएसची (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची) चिलखती डिव्हिजन दक्षिणेतून तिकडे निघाली होती. (मी तुलूझला राहते. तिचा तळ इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मोंतोबाँच्या परिसरात होता. आता तिथे गेलं तर गुलाबी विटांचं एक छानसं शहर दिसतं, बाकी काही नाही.) वाटेत, आदल्या दिवशी, त्युल शहरात या लोकांनी ९९ पुरुषांना विजेच्या खांबांना आणि घरांच्या सज्जांना फाशी दिलं होतं.

दुपारी दोनच्या सुमाराला डीकमान नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालची तुकडी ओरादूरमध्ये आली. गाव वेढलं. दवंडीवाल्याला ढोल वाजवत फिरवलं: ओळखपत्रं तपासायची आहेत, सगळ्यांनी बाजाराच्या मैदानावर जमा. शाळा चालू होत्या, मुलांनाही रांगेने आणलं. त्या दिवशी तंबाखूचं रेशन वाटायचं होतं, म्हणून आसपासच्या वाड्यांवरचे पुरुषही गावात आले होते. सायकलवरून नुसते जाणारे काही तरुण होते, तेही धरले.

पुरुषांचे गट करून सहा ठिकाणी नेलं. धान्या-गवताची कोठारं, गॅरेज, दारूचं गोदाम, लोहारशाळा. आधी पायांवर गोळ्या, मग गवत टाकून आग. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडलं आणि चर्च पेटवलं. वेदीमागच्या खिडकीतून एक बाई बाहेर पडली, मार्गरीत रुफाँश. तिला पाच गोळ्या लागल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत ती वाटाण्याच्या वाफ्यात पडून होती. चर्चमधून जिवंत राहिलेली ती एकटी. नवरा, मुलगा, दोन मुली आणि नातू, सगळे त्या दिवशी गेले.

१९० पुरुष, २४७ बायका, २०५ मुलं. एकूण ६४२. अलीकडे एका स्पॅनिश निर्वासित बाईंची नोंद सापडल्यापासून ६४३ म्हणतात. जेमतेम पन्नासेक मृतदेह ओळखता आले.

आता पुढचं.

मार्च १९४५ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे सरकारप्रमुख द गॉल आले आणि ठरलं की हे गाव आहे तसं राखायचं. १९४६ मध्ये कायदा होऊन अवशेष ऐतिहासिक स्मारक झाले. नवं गाव शेजारीच बांधायचं ठरलं आणि १९४७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तोवर उरलेली माणसं लाकडी बराकींमध्ये राहत होती. उरलेली म्हणजे कोण? त्या दिवशी कामाला लिमोजला गेलेले, शेतावर असलेले, लपून वाचलेले. आणि १९४० पासून जर्मनांच्या युद्धबंदी छावणीत असलेले, जे १९४५ ला सुटून घरी आले तेव्हा घरच नव्हतं.

या लोकांना राखाडी, एकसारख्या घरांचं, रुंद सरळ रस्त्यांचं एक गाव सरकारने बांधून दिलं. त्या गावात सुतक पाळलं गेलं. मी हा शब्द जपून वापरतेय. कित्येक वर्षं नाच नाही, जत्रा नाही. लग्नंसुद्धा आवाज न करता उरकायची. नव्या गावात जन्मलेली मुलं अशा घरांत वाढली जिथे भिंतीवर त्यांच्या आधीच्या, न पाहिलेल्या भावंडांचे फोटो होते. पर्यटक ज्या अवशेषांसमोर अर्धा तास मान खाली घालून उभे राहतात, त्यांच्या शेजारी या मुलांनी अख्खं बालपण काढलं.

मग आला या हत्याकांडाबद्दलचा, बोर्दो शहरात चाललेला १९५३ चा खटला. आरोपी २१. त्यात जर्मन सातच. उरलेले चौदा अल्झासचे, म्हणजे फ्रेंच नागरिक. जर्मनीने १९४० मध्ये अल्झास गिळला आणि १९४२ पासून तिथल्या पोरांना सक्तीने भरती केलं. त्यांना फ्रान्समध्ये 'मालग्रे-नू' म्हणतात, मनाविरुद्ध गेलेले. चौदांपैकी तेरा असे होते, एक आपखुशीने गेलेला. १३ फेब्रुवारीला निकाल लागला: दोघांना फाशी (एक जर्मन आणि तो आपखुशीवाला), बाकी बहुतेकांना कैद किंवा सक्तमजुरी. लिमोजकडचे लोक चिडले, शिक्षा फारच कमी म्हणून. अल्झासही चिडला, आमच्या पोरांना शिक्षाच कशी म्हणून. आठवड्याच्या आत संसदेने ३१९ विरुद्ध २११ मतांनी सक्तीने भरती झालेल्यांना माफीचा कायदा केला आणि ते तेराजण घरी गेले. फाशीच्या शिक्षाही पुढे रद्द झाल्या.

ओरादूरने काय केलं? सरकारने दिलेले सन्मान परत केले. सरकारने अस्थींसाठी जमिनीखाली एक मोठं स्मारक बांधलं होतं, त्यात अस्थी ठेवायला नकार दिला. आपल्या दफनभूमीत स्वतःचं स्मारक उभारलं आणि राख-हाडं तिथे ठेवली. अवशेषांच्या दाराशी फलक लावले: माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावं, एकूण एक. फ्रान्सचे पुढचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचंही नाव त्यात होतं. आणि वीसएक वर्षं १० जूनच्या कार्यक्रमात सरकारी प्रतिनिधीला जागा दिली नाही.

अवशेषांत फिरताना एक गोष्ट सतत दिसते: शिवणयंत्रं. जवळजवळ घरटी एक. लाकूड जळून गेलं, ओतीव लोखंड राहिलं. भिंतींवर लहान पाट्या आहेत, इथे न्हावी, इथे लाकडी बूट करणारा, इथे विहिरी खणणारा. लोक त्यांचे फोटो काढतात. पण दफनभूमीत फार कमी जण जातात. लिमोज हे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे कबरींवर चिनी मातीच्या चकत्यांवर भाजून पक्के केलेले फोटो आहेत. ऐंशी वर्षांत रंग उडालेला नाही. एका चकतीवर तीन बहिणी, तिघींच्या केसांना सारखीच फीत. ती आईनेच बांधली असणार. मागे काचेच्या झाकणाच्या दोन पेट्या आहेत, त्यात हाडं.

माझं म्हणणं एवढंच की तिकडे जाणार असाल तर अर्धा दिवस नव्या गावाला द्या. कोणी गेलंय का इथलं?

फिरस्ता७१

सुंदर लिहिलंयस. सुंदर म्हणवत नाही खरं तर. आम्ही लेकाकडे पॅरिसला गेलो होतो तेव्हा जायचं राहून गेलं.

एक प्रश्न. हेच गाव का? तिथे भूमिगत क्रांतिकारक वगैरे होते का?

रानजाई

@फिरस्ता७१, गावात सशस्त्र प्रतिकार करणाऱ्यांचा गट होता असा पुरावा मिळालेला नाही. त्या भागातल्या जंगलांत होते, आणि त्यांनी आदल्या दिवशी केम्फ नावाच्या एसएस अधिकाऱ्याला पळवलं होतं. तो डीकमानचा मित्र. त्यामुळे सूड हे एक कारण सांगतात. जवळच ओरादूर-स्युर-व्हेर नावाचं दुसरं गाव आहे, नावात घोटाळा झाला असंही बोललं जातं. इतिहासकारांचा कल मात्र वेगळा आहे: दहशत बसवायची होती आणि त्यासाठी असंच गाव हवं होतं, जिथे कोणी उलट गोळी झाडणार नाही. या तुकड्या पूर्व आघाडीवरून आल्या होत्या. रशियात, बेलारूसमध्ये गावंच्या गावं जाळायची त्यांना सवय होती. फ्रान्सला ते नवीन होतं.

डीकमान स्वतः तीन आठवड्यांच्या आत नॉर्मंडीत मारला गेला. त्यामुळे त्याला विचारणं राहिलंच.

ठसकेबाज

वाचून सुन्न. शाळेतल्या मुलांपैकी कोणीच वाचलं नाही का?

रानजाई

एक. रोजे गॉदफ्रँ, सात-आठ वर्षांचा. लोरेनमधल्या शार्ली गावाहून आलेल्या निर्वासितांचा मुलगा. त्याला घरी सांगून ठेवलं होतं, जर्मन दिसले की पळ, कोणाचं ऐकू नकोस. गुरुजी रांग लावायला सांगत असताना तो मागच्या बाजूने पळाला. त्याचे आईवडील आणि भावंडं गेली.

त्या शार्लीची इतकी माणसं ओरादूरमध्ये मेली की १९५० मध्ये गावाने आपलं नाव बदलून शार्ली-ओरादूर केलं. आजही तेच आहे.

हंसध्वनी

अल्झासमधल्या स्ट्रासबुर्गला बारा-पंधरा वर्षं राहते, त्यामुळे मला बोलावंच लागेल. रानजाई, लेख उत्तम, पण अल्झासवाल्यांचं तू दोन वाक्यांत आटोपलंस.

इथलं घर असं असतं: पणजोबा १९१४ च्या युद्धात जर्मन गणवेशात, कारण १८७१ पासून अल्झास जर्मनीत. आजोबा १९३९ ला फ्रेंच गणवेशात, १९४२ ला पुन्हा जर्मन. भरतीला नाही म्हणालास तर आईबापांना जर्मनीत हद्दपार करायचे. एक लाखाच्या वर अल्झाशियन पोरं अशी नेली, बहुतेक रशियाच्या आघाडीवर, आणि कितीतरी परत आली नाहीत. बोर्दोतले काहीजण तर घटनेच्या वेळी सतरा-अठरा वर्षांचे होते.

स्ट्रासबुर्गच्या रिपब्लिक चौकात १९३६ चं युद्धस्मारक आहे. एक आई, मांडीवर दोन मरणारे मुलगे. दोघेही उघडे. गणवेश घातला असता तर कुठला घालायचा? एक इकडून लढला, एक तिकडून. खाली फक्त 'आमच्या मृतांस' एवढंच. फ्रान्सच्या बाकी सगळ्या गावांत असतं तसं 'फ्रान्ससाठी धारातीर्थी' नाही, कारण ते खरं ठरलं नसतं. बोर्दोच्या निकालानंतर याच पुतळ्यावर काळं कापड चढवलं होतं.

आणि ओरादूरमध्ये मेलेल्यांतही अल्झासचे लोक होते, शिल्टिगहाइमचे. ते इथून ट्रामने जायच्या अंतरावर आहे. म्हणजे मारणाऱ्यांतही शेजारी, मरणाऱ्यांतही शेजारी.

रानजाई

@हंसध्वनी, मान्य, यावर तूच वेगळा धागा काढ. पण एक विचारते. सक्तीने गेला हे कबूल. चर्चच्या दाराशी उभं राहून गोळी झाडायचीही सक्ती होती, हेही कबूल करू. तरी ज्या बाईची दोन मुलं आत होती तिने 'बिचारा सतरा वर्षांचा होता' असं म्हणावं ही अपेक्षा संसदेने करायची का? आणि तीही निकालानंतर आठवड्याच्या आत?

हंसध्वनी

तिने म्हणावं असं मी म्हणत नाही. सरकारने काय करायचं हा वेगळा प्रश्न. १९५३ मध्ये अल्झास फ्रान्समध्ये परत येऊन आठच वर्षं झाली होती. पुन्हा तुटतो की काय अशी भीती होती. सरकारने हिशेब केला: लिमोजकडचा राग परवडेल, अल्झासचा परवडणार नाही.

तारीख_पे_तारीख

हा हिशेब कायद्यातही दिसतो. (वकील आहे, सवय जात नाही.) फ्रान्सने १९४८ मध्ये खास कायदा केला होता: युद्धगुन्हे करणाऱ्या संघटनेच्या तुकडीत तुम्ही होतात एवढं सिद्ध झालं की पुरे, मी केलं नाही हे तुम्ही दाखवायचं. पुराव्याचं ओझं उलटं. आपल्याकडेही काही कायद्यांत असं आहे आणि त्यावर नेहमी वाद होतो. बोर्दोचा खटला चालू असताना संसदेने तो कायदा बदलून फ्रेंच आरोपींना त्यातून वगळलं. म्हणजे एकाच पिंजऱ्यात बसलेल्या एकवीस जणांना दोन वेगळी मापं. आधी कायदा बदलला, तरी शिक्षा झाली, मग माफी. वकिली भाषेत याला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

ज्याला खरोखर हजर करायला हवा होता तो डिव्हिजनचा प्रमुख, लामरडिंग. त्याला फ्रान्सने त्युलच्या फाशींबद्दल गैरहजेरीत मृत्युदंड दिला होता. तो पश्चिम जर्मनीत ड्युसेलडॉर्फला बांधकामाचा धंदा करत होता. ताब्यात मिळाला नाही. १९७१ ला अंथरुणात मेला. खालच्यांचा खटला आणि वरच्याचा धंदा, हे गणित सगळीकडे सारखंच.

नको_रे_बाबा

थोडं वेगळं बोलतो, शिव्या घाला हवं तर. पडकं गाव राखून काय मिळतं? लोक बसमधून उतरतात, गंजलेल्या गाडीसमोर सेल्फी, मग आइस्क्रीम. दुसरं असं की पाऊस-वारा भिंतींना विचारत नाही. दरवर्षी सिमेंट लावून 'पडकेपणा' टिकवायचा म्हणजे तो खरा पडकेपणा राहिला का? जालियनवाला बागेचं २०२१ मध्ये काय करून ठेवलं बघा. ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत आले, तिथे भिंतींवर हसरी शिल्पं.

रानजाई

शिव्या कशाला, हा प्रश्न तिथले लोक १९४५ पासून विचारतायत. छपरं नसल्यामुळे भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत मुरतं, दगड सुटतात. माथे लिंपतात, भिंतींना आधार देतात, गवत कापतात. कोट्यवधी युरोंचं काम आहे आणि आता सरकारी पैशाबरोबर लोकवर्गणीही मागताहेत. सुरुवातीला ठरलेलं 'त्या दिवशी जसं होतं तसं' हे शक्य नव्हतंच. त्या दिवशी गाव काळं, धुरकट होतं. आता पाऊस खाऊन स्वच्छ करडं आहे, मध्ये हिरवळ. कोणाला तर शांत, रम्यही वाटेल. ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तर नाही.

जालियनवाला बागेशी एक फरक आहे. इथे रंगरंगोटी करायची म्हटलं तर मृतांच्या कुटुंबांची संघटना आणि गावची नगरपालिका मध्ये उभी राहते. ती दोन्ही पहिल्यापासून प्रत्येक निर्णयात आहेत. दारात 'शांतता' अशी पाटी आहे, त्यापलीकडे फार काही लिहिलेलं नाही. आवाजी माहितीपट, दिव्यांचे खेळ आत काही नाही. समजावून सांगायचं काम १९९९ मध्ये उघडलेल्या स्मृतिकेंद्रात, जमिनीच्या पातळीखाली, अवशेषांतून दिसणार नाही असं.

आणि गाडीबद्दल: मैदानावरची ती गंजलेली प्यूजो 'डॉक्टरची गाडी' म्हणून दाखवतात. डॉक्टर रोगी बघून परतले आणि थेट वेढ्यात सापडले, हे खरं. गाडी मात्र त्यांची नव्हेच, दारूच्या व्यापाऱ्याची होती, असं सांगणारेही आहेत. सेल्फीवाल्यांना फरक पडत नाही.

सत्यशोधक_२०१४

दुसरी बाजूपण वाचा. चर्चमध्ये बंडखोरांनी दारूगोळा लपवला होता, त्याचा स्फोट झाला. जर्मनांनी जाळलंच नाही. जेत्यांनी लिहिलेला इतिहास आहे हा. व्हिडिओ आहेत, शोधा.

रानजाई

@सत्यशोधक_२०१४, ही 'दुसरी बाजू' एसएसच्या निवृत्त मंडळींनी युद्धानंतर पसरवली. तिला उत्तर जेत्यांनी नाही, त्यांच्यातल्याच एकाने दिलंय. हाइन्झ बार्ट, त्या तुकडीतला अधिकारी. पूर्व जर्मनीत आपला भूतकाळ लपवून राहत होता. १९८३ मध्ये पूर्व बर्लिनला त्याच्यावर खटला झाला. आपण त्यात होतो, पुरुषांवर गोळ्या झाडायचा हुकूम आपण दिला, हे त्याने कोर्टात कबूल केलं. जन्मठेप झाली, १९९७ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून सुटला, २००७ मध्ये मेला. मधल्या काळात, एकीकरणानंतर, त्याला युद्धात जखमी झाल्याबद्दलचं पेन्शनही मंजूर झालं होतं. ओरादूरला ते कळलं तेव्हा काय वाटलं असेल याचा विचार करा.

२०२० मध्ये तुमच्यासारख्याच कोणीतरी स्मृतिकेंद्राच्या भिंतीवरचा 'हुतात्मा' शब्द खोडून वर 'खोटारडं' असं लिहिलं होतं. तेही व्हिडिओ बघूनच आले असणार.

संपादक मंडळ

सत्यशोधक_२०१४ यांचे नंतरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. चर्चा मूळ विषयावर राहू द्या.

बापू_खडकीकर

अवांतर होईल, पण फ्रान्सच्या गावांचा विषय निघालाय म्हणून. माझी नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये गेली, म्हणजे आपल्या खडकीच्या बीईजीमध्ये, लष्कराच्या इंजिनिअर दलात. आमच्याकडे रंगरूटाला एका फ्रेंच खेड्याचं नाव पाठ असायचं: नव्ह-शापेल. पहिल्या महायुद्धातलं, लिलच्या पश्चिमेला, सपाट, चिखलाचा मुलूख. २८ ऑक्टोबर १९१४ ला सॅपर्सच्या २० आणि २१ नंबर कंपन्या आणि ४७ वी शीख पलटण हे गाव परत घ्यायला धाडली. सॅपर्सचं काम खंदक, पूल, सुरुंग. त्या दिवशी त्यांना पायदळ म्हणून घातलं. घराघरांतून संगिनींनी लढत गावात शिरले, पण मागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. नंतर मार्च १९१५ मध्ये तिथेच मोठी लढाई झाली, गढवालच्या गबर सिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच.

१९२७ मध्ये तिथे ज्यांना कबर नाही अशा ४,७०० हून जास्त हिंदी सैनिकांचं स्मारक झालं. पंधरा मीटरचा खांब, दोन बाजूंना दगडी वाघ, भोवती जाळीदार गोल भिंत, नावं पलटणीवार. मी निवृत्तीनंतर मुलीबरोबर गेलो होतो. आपल्या पलटणीची पाटी शोधली आणि टोपी काढली. सलाम ठोकला तर मुलगी रडायला लागली.

ओरादूरसारखं तिथे काही पडकं ठेवलेलं नाही. गाव पार भुईसपाट झालं होतं, सगळं नव्याने बांधलंय. बटाट्याची शेतं आहेत.

फिरस्ता७१

बापूसाहेब, यावर सवडीने लिहाच. अवांतर कसलं, मूळ धाग्याइतकंच मोलाचं.

ठसकेबाज

+१. बापू, वाट बघतोय.

रानजाई, ओरादूरचं सरकारशी भांडण शेवटी मिटलं का? की अजून चालूच?

रानजाई

हळूहळू निवळलं. फलक साठच्या दशकात उतरले, सत्तरच्या दशकात सरकारी मंडळी कार्यक्रमाला यायला लागली. सरकारी स्मारकात शेवटी सापडलेल्या वस्तू मांडल्या: घड्याळं, चष्मे, चाकू, मुलांच्या खेळण्यांचे तुकडे. १९९४ मध्ये पन्नासाव्या स्मृतिदिनाला आले ते राष्ट्राध्यक्ष मितराँ, फलकावरच्या यादीतलेच.

जर्मनीचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गाउक २०१३ मध्ये आले. त्यांच्या आणि फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाँद यांच्यामध्ये रोबेर एब्रास चालत होते, हात धरून. एब्रास म्हणजे कोठारातून वाचलेल्या पाचांपैकी एक. अंगावर मेलेल्यांचा ढीग पडला म्हणून वाचले, मग आग जवळ आल्यावर निसटले. आई आणि दोन बहिणी चर्चमध्ये गेल्या. वय अठरा. तो फोटो सगळीकडे छापून आला, समेटाचा फोटो म्हणून.

पण त्याच काळात त्यांच्यावर अल्झासच्या संघटनांनी केलेला दावा चालू होता. भरती झालेल्यांतले सगळेच सक्तीने गेले होते का, अशी शंका त्यांनी आपल्या आठवणींत लिहिली म्हणून. खालच्या एका कोर्टाने त्यांना एक युरोची प्रतीकात्मक भरपाई द्यायला लावली, आणि २०१३ च्या शेवटी सर्वोच्च पातळीवर ती रद्द झाली. म्हणजे जर्मन राष्ट्राध्यक्षांशी हात मिळाला तेव्हा फ्रेंच माणसांशी कज्जा संपायचा होता. हंसध्वनी, यावर तुझं मत वेगळं असणार.

हंसध्वनी

वेगळं आहे. दावा करायला नको होता असं मलाही वाटतं, पण तो का केला हे समजतं. इथे म्हाताऱ्या लोकांना आयुष्यभर 'तू आपखुशीने गेलास' हे ऐकावं लागलं. बाकी माझ्या धाग्यावर. लिहितेय.

तारीख_पे_तारीख

एब्रास आता हयात आहेत का?

रानजाई

नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले, सत्त्याण्णवाव्या वर्षी. कोठारातून वाचलेल्यांतले ते शेवटचे. वर्षानुवर्षं शाळेच्या मुलांना स्वतः अवशेषांतून फिरवायचे. ज्या अंगणात ते लहानपणी खेळले तिथे थांबून आधी खेळाचं सांगायचे म्हणे.

चिंगी_आणि_बंड्या

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत फ्रान्सला येतोय, मुलगी अकरा वर्षांची आहे. न्यावं का? आणि कसं जायचं?

रानजाई

मुलीला आधी घरी सांगून, तिला यायचं असेल तर न्या. स्मृतिकेंद्रातला छायाचित्रांचा भाग जड आहे, तो तुम्ही आधी बघून ठरवा. अवशेषांत फिरायला पैसे पडत नाहीत, केंद्राला तिकीट आहे.

पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्टेशनवरून लिमोज साडेतीन तासांच्या आत. तिथून बस आहे, पण मोजक्या फेऱ्या, रविवारी तिच्या भरवशावर राहू नका. गाडी भाड्याने मिळाली तर उत्तम. दिवाळीत थंडी आणि बहुधा पाऊस, आत सगळं उघड्यावर आहे, बूट चांगले घाला. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर केंद्र बंद असतं, तुमचं त्याआधी आहे.

जेवण बरोबर बांधून नेऊ नका. नव्या गावात जेवा, चर्चही बघा, चौकोनी मनोऱ्याचं. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, तेव्हा वेळ सांभाळा. आणि पावाच्या दुकानात आधी 'बाँझूर' म्हणा, मग काय हवं ते मागा.